खेळातून अवकाशविज्ञान शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न शिक्षकांकडून आणि पालकांकडून पुन्हा पुन्हा येतात. काही विद्यार्थ्यांनीही विचारलेत, आणि तेच बहुधा जास्त अवघड असतात. पहिले काही अगदी प्राथमिक आहेत, पुढे गुंता वाढत जातो. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, संबंधित प्रश्नाचा क्रमांक तिथल्या तिथे दिला आहे.

१. गेम आणि सिम्युलेशन यांत फरक काय? दोन्ही पडद्यावरच तर चालतात.

सिम्युलेशनमध्ये नियम निसर्गाचे असतात, निदान तसा दावा असतो, आणि काय करून पाहायचं ते तुम्ही ठरवता. गेममध्ये काय साधायचं तेही आधीच ठरलेलं असतं: यान उतरवा, इंधन वाचवा, गुण मिळवा. पण ही सीमारेषा फार पुसट आहे. १९६९ मध्ये, अपोलो ११ चंद्रावर उतरल्यानंतर काही महिन्यांतच, जिम स्टोरर या अमेरिकन शाळकरी मुलाने चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ लिहिला. त्यात एकही चित्र नव्हतं. दर दहा सेकंदांनी किती इंधन जाळायचं ते आकड्यात सांगायचं, मग संगणक उंची आणि वेग छापून दाखवायचा. आकडा चुकला की यान आदळलं. भौतिकशास्त्राचं गणित आणि खेळ एकाच कागदावर! पुढे १९७९ मध्ये अटारीने हीच कल्पना चित्रांसह आर्केडमध्ये आणली.

माझ्या दृष्टीने गेमचा मोठा गुण म्हणजे त्यात हरता येतं. नुसत्या सिम्युलेशनमध्ये मूल बटणं फिरवतं, ‘छान’ म्हणतं आणि पुढे जातं. यान आपटलं की मात्र ‘असं का झालं?’ हा प्रश्न कुणी विचारायला लावावा लागत नाही.

२. पालक म्हणतात, ‘अभ्यास सोडून मुलं खेळतायत.’ त्यांना काय सांगू?

त्यांना ५ जुलै १९६९ ची गोष्ट सांगा. अपोलो ११ च्या उड्डाणाला जेमतेम अकरा दिवस उरले होते. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात चंद्रावतरणाचा सराव चालू असताना प्रशिक्षकांनी मुद्दाम यानाच्या संगणकाची एक अनोळखी धोक्याची सूचना पाठवली. मार्गदर्शन प्रणाली सांभाळणाऱ्या स्टीव्ह बेल्स यांनी अवतरण रद्द करायला लावलं. नंतर कळलं की रद्द करायची गरज नव्हती. त्यानंतर जॅक गार्मन या तरुण अभियंत्याने अशा सगळ्या सूचनांची हाताने लिहिलेली यादी तयार केली. २० जुलैला खरं अवतरण सुरू असताना त्याच जातीची सूचना खरोखर आली. यादी हाताशी होती, म्हणून काही क्षणांत ‘पुढे जा’ असा निर्णय देता आला.

त्या सरावात कुणी चुकलं नसतं तर ती यादी झालीच नसती. अर्थात, नंतर काहीही न विचारता तासभर नुसता गेम लावून दिला असेल, तर पालकांचं म्हणणं खरं आहे. त्यासाठी प्र. ५ वाचा.

३. सुरुवात कशाने करू? आणि पैसे कशाला पडतात?

विनामूल्य साधनांनीच करा, वर्षभर पुरतील एवढी आहेत.

स्टेलॅरियम हे संगणकावरचं तारांगण आहे. २००० च्या सुमारास फाबियाँ शेरो यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मुक्त आणि विनामूल्य आहे आणि त्याच्या मूळ यादीतच सहा लाखांहून जास्त तारे आहेत. ते ब्राउझरमध्येही चालतं. आकाश जमिनीवरून कसं दिसतं, हे दाखवायला त्याच्या तोडीचं दुसरं नाही. फेट हा कोलोराडो विद्यापीठाचा सिम्युलेशनचा संच आहे. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. गुरुत्वाकर्षण, कक्षा आणि केप्लरचे नियम यांसाठी त्यात स्वतंत्र सिम्युलेशन आहेत आणि बरीचशी मराठीतही मिळतात. नासाचं ‘आइज’ सूर्यमालेतली खरी यानं आज कुठे आहेत ते दाखवतं. अवकाशात फिरवून आणणारं सेलेस्टिया आणि यान चालवायला लावणारं ऑर्बिटर हीसुद्धा विनामूल्यच. ऑर्बिटर मात्र विमानाच्या कॉकपिटइतकं किचकट आहे, जिद्दी विद्यार्थ्यालाच द्या.

पैसे पडतात ते कर्बल स्पेस प्रोग्रॅम (रॉकेट बांधून उडवण्याचा गेम, पुढे नुसतं ‘कर्बल’), युनिव्हर्स सँडबॉक्स आणि स्पेस इंजिन यांना, शिवाय त्यांना दमदार संगणकही लागतो. विकत घ्यायचंच असेल तर माझं मत कर्बलला.

४. एकच संगणक आहे आणि इंटरनेटचा भरवसा नाही. जमेल का?

जमेल. संगणकावर बसवलेलं स्टेलॅरियम इंटरनेटशिवाय चालतं. फेटची सिम्युलेशन फाइल म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतात. नासाच्या ‘आइज’ला मात्र जोडणी लागते.

एकच संगणक असणं अनेकदा बरंच पडतं. पडदा सगळ्यांसमोर ठेवा आणि माउस एका मुलाच्या हातात द्या. त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, बाकीच्यांनी ठरवून सांगितलेलंच करायचं. मग बोलणं आपोआप होतं. वीस मुलं वीस पडद्यांसमोर बसली की खोलीत शांतता असते, आणि ती शिकण्याची असेलच असं नाही.

५. एका तासिकेत हे बसवायचं कसं?

पहिली पाच-सात मिनिटं मोकळी सोडा. मुलं सूर्य पृथ्वीवर आपटवतील, ग्रह भिरकावतील, हसतील. हे होऊ दिलं नाही तर ती पुढचा सगळा वेळ तेच करायची संधी शोधत राहतात.

मग एकच प्रश्न विचारा आणि कळ दाबण्याआधी प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावा. ‘ग्रहाचं वस्तुमान दुप्पट केलं तर त्याच्या कक्षेचं काय होईल?’ बहुतेक जण लिहितात की तो सूर्याकडे ओढला जाईल. सिम्युलेशन चालवलं की कक्षा जवळजवळ जशीच्या तशी राहते. ओढ दुप्पट झाली, पण ढकलायचं वस्तुमानही दुप्पट झालं. वहीतला चुकलेला अंदाज समोर असतो, त्यामुळे ‘मला वाटलंच होतं’ म्हणायची सोय राहत नाही. लिहून घेणं वगळलं तर सगळी मेहनत वाया जाते, हे मी फार उशिरा शिकलो.

शेवटची दहा मिनिटं पडदा बंद ठेवा. असं का झालं, आणि या सिम्युलेशनमध्ये कुठे लबाडी आहे, यावर बोला. लबाडी म्हणजे काय ते पुढच्या उत्तरात.

६. गेममधून चुकीचं विज्ञान डोक्यात बसणार नाही का?

बसतं. म्हणून लबाडी लपवायची नाही, ती शोधायला लावायची. प्रत्येक सिम्युलेशन काहीतरी सोयीसाठी खोटं दाखवतं, तसं केल्याशिवाय ते पडद्यावर मावणारच नाही. ग्रह मोठे आणि जवळजवळ काढलेले असतात. कक्षांच्या रेघा असतात, अवकाशात अशा रेघा कुठेही नाहीत. तारे ठिपक्यांऐवजी लहान-मोठ्या चकत्यांसारखे दिसतात, म्हणून मुलांना तेजस्वी तारा म्हणजे आकाराने मोठा तारा वाटतो.

करमणुकीच्या गेममध्ये तर विचारूच नका. निर्वात पोकळीत स्फोटाचा धडाका ऐकू येतो. अवकाशयानं विमानासारखी कलून वळतात, जणू पंखांना टेकायला हवा आहे. इंजिन बंद केलं की यान थांबतं, म्हणजे न्यूटनचा पहिला नियमच रद्द! लघुग्रहांच्या पट्ट्यातून खडक चुकवत वाट काढावी लागते. खऱ्या पट्ट्यात मोठ्या लघुग्रहांमधलं सरासरी अंतर दहा लाख किलोमीटरच्या घरात आहे. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये तो पट्टा ओलांडणारं पहिलं यान ठरलं, आणि त्याला काही झालं नाही.

मी वर्गात भिंतीवर ‘लबाडीची यादी’ लावतो. ज्याला नवी लबाडी सापडेल त्याने ती लिहायची, सोबत खरं काय तेही लिहायचं. ज्या गेममधून जास्त नोंदी होतात तो शिकवायला जास्त उपयोगी, असा माझा उलटा हिशेब आहे. अंतरांची लबाडी एवढी मोठी आहे की तिला वेगळा प्रश्न दिला आहे, प्र. ७.

७. सूर्यमालेचं खरं प्रमाण पडद्यावर दाखवता येतं का?

दाखवता येतं, पण मग पडद्यावर काहीच दिसत नाही. फेटच्या कक्षांच्या सिम्युलेशनमध्ये ‘प्रमाणबद्ध’ असा वेगळा भाग आहे. तो उघडल्यावर मुलं ‘बंद पडलं का?’ विचारतात. हीच प्रतिक्रिया हवी असते.

त्यानंतर बाहेर मोकळ्या जागी जा. सूर्य एक मीटर व्यासाचा धरला तर पृथ्वी ९ मिलिमीटरची, साधारण वाटाण्याएवढी, आणि सूर्यापासून १०७ मीटरवर. चंद्र अडीच मिलिमीटरचा, पृथ्वीपासून २८ सेंटिमीटरवर. माणूस आजवर सगळ्यात लांब गेला तो सुमारे एवढाच. गुरू १० सेंटिमीटरचा, अर्धा किलोमीटरहून दूर. नेपच्यून तीन किलोमीटरच्याही पुढे. आणि सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा? याच प्रमाणात सुमारे २९ हजार किलोमीटरवर. हा शेवटचा आकडा मी मुलांनाच काढायला लावतो. बरेच जण पहिल्यांदा शून्यं मोजण्यात चुकतात, आणि उत्तर बरोबर आल्यावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

८. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते’ हे मुलांच्या डोक्यातून जात नाही. सिम्युलेशनने जाईल?

सांगून जात नाही, मोजून जातं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सगळ्यात दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. स्टेलॅरियममध्ये सूर्य निवडा, भरपूर मोठा करा आणि जानेवारीतला व जुलैतला त्याचा कोनीय व्यास (आकाशात तो किती अंशांचा दिसतो ते) वाचा. जानेवारीतला सूर्य साधारण तीन टक्क्यांनी मोठा भरतो, आणि तेव्हाच उत्तर गोलार्धात थंडी असते. मुलांनी स्वतः वाचलेले आकडे त्यांना नाकारता येत नाहीत.

मग खरं कारण. वेळ दुपारी बाराची ठेवा आणि सात-सात दिवसांनी पुढे जा, त्यासाठी कळफलकावर चौकोनी कंसाची कळ आहे. सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिण सुमारे ४७ अंशांचा झोका घेताना दिसतो. ४७ म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या २३.४ अंश कलाची जवळजवळ दुप्पट. हे नातं मुलांनाच सापडू द्या.

चंद्रकलांचा घोळ (‘पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात’) मात्र पडद्यावर सोडवू नका. अंधारी खोली, एक उघडा दिवा आणि हातात चेंडू. आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. गोल फिरलं की अर्ध्या मिनिटात सगळ्या कला दिसतात. चेंडू डोक्याच्या सावलीत आलाच तर ते ग्रहण. दर पौर्णिमेला ते का होत नाही, तर चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे म्हणून. चेंडू थोडा वर धरला की तेही पटतं.

९. अवकाश स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, असं मुलं म्हणतात. कुठला खेळ दाखवू?

फेटमध्ये गुरुत्वाकर्षण बंद करायचं बटण आहे. पृथ्वीभोवती उपग्रह फिरत असताना ते बंद करा. उपग्रह सरळ रेषेत निघून जातो. म्हणजे त्याला इतका वेळ वळवत कोण होतं? सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक सतत पडतच असतं, फक्त सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने आडवं जात असल्यामुळे पृथ्वीची वक्र जमीन त्याच्याखालून तेवढीच दूर सरकत राहते. आतली माणसंही त्याच्याबरोबर पडतात, म्हणून तरंगतात.

१०. पुस्तकातून अजिबात शिकवता येत नाही असं गेममध्ये काय आहे?

कक्षेतला उफराटा कारभार. पुढच्या यानाला गाठायचं असेल तर काय कराल? वेग वाढवू, असं प्रत्येक जण म्हणतो. कक्षेत वेग वाढवला की यान वरच्या, मोठ्या कक्षेत जातं, फेरीला जास्त वेळ लागतो आणि तुम्ही मागे पडता. गाठायचं असेल तर आधी वेग कमी करून खाली उतरावं लागतं.

हे वाचून समजल्यासारखं वाटतं, पण हातात आलं की माणूस पुन्हा तीच चूक करतो. जून १९६५ मध्ये नासाच्या जेमिनी ४ यानाचे जेम्स मॅकडिव्हिट स्वतःच्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जाऊ पाहत होते. त्याच्याकडे तोंड करून इंजिन चालवलं की तो आणखी लांब जाई. इंधन संपत चाललं तेव्हा प्रयत्न सोडावा लागला. डिसेंबरमध्ये जेमिनी ६-ए ने जेमिनी ७ ला गाठलं, ते आधी खालच्या कक्षेत राहून. पुढे अपोलो ११ मधून चंद्रावर उतरलेले एडविन ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली ती कक्षेत यानांची गाठ घालण्याच्या याच विषयावर.

कर्बलमध्ये दोन याने जोडायचा प्रयत्न करणारा मुलगा तासाभरात मॅकडिव्हिट यांच्या चुकीपाशी पोचतो. मला स्वतःला पहिली जोडणी जमायला तीन संध्याकाळी लागल्या. तोवर मी हा विषय वर्गात बिनदिक्कत शिकवत होतो.

११. कर्बलमधले आकडे गृहपाठात वापरले तर चालतील का?

नाही, आणि का नाही हाच उत्तम गृहपाठ आहे. गेममधल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, पृथ्वीची ६,३७१. तरी पृष्ठभागावरचं गुरुत्व पृथ्वीइतकंच ठेवलं आहे, म्हणजे कर्बिनची घनता पृथ्वीच्या दहापटीहून जास्त हवी. पृथ्वीची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला ५.५ ग्रॅम, तर कर्बिनची सुमारे ५८ निघते. पृथ्वीवर सापडणाऱ्या सगळ्यात दाट मूलद्रव्याची, ऑस्मियमची, घनता २२.६ आहे. असा ग्रह कशाचा बनवणार?

ही लबाडी कशासाठी, तर खेळणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून. कर्बिनभोवतीच्या खालच्या कक्षेला सेकंदाला २.३ किलोमीटर वेग पुरतो, पृथ्वीभोवती ७.८ लागतो. कक्षा गाठायला काही मिनिटं लागतात, तेवढा धीर मुलांना असतो. दुसरी लबाडी कमी ठाऊक आहे: गेम एका वेळी एकाच ग्रहाचं किंवा चंद्राचं गुरुत्वाकर्षण मोजतो. त्यामुळे लाग्रांज बिंदू (दोन गोलांच्या एकत्र ओढीमुळे यान त्यांच्या मानाने एकाच जागी राहू शकतं अशा जागा) त्यात असूच शकत नाहीत. जेम्स वेब दुर्बीण किंवा आदित्य-एल१ जिथे आहेत तशी जागा दाखवायची असेल तर हा गेम उपयोगाचा नाही.

१२. ‘अपोलो ११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं, मग चांद्रयान-३ ला चाळीस दिवस का?’ हे गेममधून दाखवता येईल?

फार छान दाखवता येईल. अपोलोच्या सॅटर्न-५ रॉकेटचा तिसरा टप्पा पृथ्वीभोवती दीड फेरी झाल्यावर एकाच झटक्यात यानाला चंद्राकडे ढकलत असे. १४ जुलै २०२३ ला निघालेल्या चांद्रयान-३ चं रॉकेट त्या मानाने लहान होतं. त्याने यानाला लांबट कक्षेत सोडलं. पुढे यानाने स्वतःचं लहान इंजिन दर वेळी पृथ्वीच्या जवळून जाताना थोडं थोडं चालवून कक्षा ताणत नेली. १ ऑगस्टला ते चंद्राकडे निघालं, ५ ला चंद्राच्या कक्षेत शिरलं आणि २३ ला उतरलं. उतरण्याच्या जागी नुकताच सूर्य उगवलेला असणं गरजेचं होतं, कारण सगळी वीज सौरपट्ट्यांची होती.

मुलांना मुद्दाम कमकुवत इंजिनाचं यान द्या. एकदा इंजिन पृथ्वीजवळच्या बिंदूवर चालवायला सांगा, एकदा दूरच्या बिंदूवर. तेवढंच इंधन जवळच्या बिंदूवर जाळलं तर कक्षेला जास्त ऊर्जा मिळते, कारण तिथे यान आधीच वेगात असतं. झोपाळ्याला कुठे ढकलायचं ते ज्याला कळतं त्याला हे लवकर उमजतं.

१३. आम्ही सिम्युलेशनमध्ये काळ भराभर पुढे नेला आणि ग्रह सूर्यमालेबाहेर उडाले. शोध लागला की बिघाड?

बहुधा गणिताची कसर. संगणक सलग गती मोजत नाही, तो टप्प्याटप्प्याने मोजतो: आता बल किती, तेवढ्याने पुढचे काही तास ग्रह कुठे जाईल, मग पुन्हा बल. त्या टप्प्यात ग्रह वळायला हवा होता, पण साध्या हिशेबात तो सरळ जातो आणि थोडा बाहेर पडतो. टप्पा लहान असेल तर ही चूक नगण्य. वेळ भरधाव सोडली की टप्पा मोठा होतो, चुका साचतात. आधी उडतो तो बुध, कारण त्याचं वर्ष ८८ दिवसांचं आणि तेवढ्याच टप्प्यात त्याला जास्त वळायचं असतं.

पारख सोपी आहे. काळाचा वेग निम्मा करून तेच पुन्हा चालवा. निकाल बदलला तर तो निसर्गाचा नव्हता.

यात एक अपवाद आहे. टप्पा कितीही लहान केला तरी न्यूटनच्या नियमांवर चालणाऱ्या सिम्युलेशनमध्ये बुधाची कक्षा खऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. खऱ्या कक्षेचा अक्ष शतकाला ४३ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) जास्त सरकतो. ती चूक संगणकाची नाही. न्यूटनच्या सिद्धांतात ती सरक बसत नव्हती, १९१५ मध्ये आइनस्टाइनने ती व्यापक सापेक्षतेतून काढून दाखवली.

१४. सूर्याच्या जागी कृष्णविवर ठेवलं तरी पृथ्वी गिळली गेली नाही. सॉफ्टवेअर चुकलं?

सॉफ्टवेअर बरोबर आहे. वस्तुमान सूर्याइतकंच ठेवलं तर पृथ्वीला ओढीत फरक जाणवायचं कारण नाही, ती त्याच कक्षेत फिरत राहते, फक्त अंधारात. त्या कृष्णविवराची त्रिज्या जेमतेम तीन किलोमीटर असेल.

१५. स्टेलॅरियममध्ये जुन्या काळात गेलो तर तारखा जुळत नाहीत. का?

दोन कारणं. १५ ऑक्टोबर १५८२ पूर्वीच्या तारखा ते जुन्या ज्युलियन पंचांगाने दाखवतं. आणि खगोलशास्त्रीय गणनेत शून्य वर्ष असतं: इसवी सनपूर्व १ म्हणजे ०, इसवी सनपूर्व २ म्हणजे उणे १. एका वर्षाचा घोळ होतो तो इथेच.

या भानगडीत न पडता जुना काळ वापरायचा असेल तर ७ जानेवारी १६१० ची संध्याकाळ लावा, ठिकाण पादुआ. गॅलिलिओने त्या रात्री गुरूजवळ तीन ‘तारे’ टिपले, पूर्वेला दोन आणि पश्चिमेला एक. मुलांना स्टेलॅरियममध्ये चार दिसतात. मग वाद सुरू होतो: गॅलिलिओ चुकला की संगणक? आयो आणि युरोपा हे गुरूचे दोन चंद्र त्या रात्री इतके जवळ होते की त्याच्या लहानशा दुर्बिणीत ते एकच दिसले. पुढच्या आठवडाभराची रोजची चित्रं मुलांकडून काढून घ्या. हे ठिपके गुरूभोवती फिरतात, या निष्कर्षाला ती स्वतःहून येतात.

१६. पडदा अजिबात न वापरता अवकाशाचं सिम्युलेशन करता येईल का?

येईल, आणि ते सगळ्यात जास्त काळ लक्षात राहतं. मोकळ्या जागेत एका मुलाला सूर्य करून उभं करा. बाहेर चार वर्तुळं आखा आणि त्यांवर पावलांच्या खुणा करा: बुधाच्या ११, शुक्राच्या २८, पृथ्वीच्या ४६, मंगळाच्या ८६. एक टाळी म्हणजे आठ दिवस. टाळी वाजली की प्रत्येक ग्रहाने एक खूण पुढे जायचं. बुध झालेला मुलगा चार फेऱ्या मारून पाचवीला लागतो तेव्हा पृथ्वीचं एक वर्ष होतं. मंगळाला पृथ्वी मागून येऊन ओलांडते, तेव्हा ‘पृथ्वी’ला विचारा: मंगळ लांबच्या झाडांच्या मानाने कुठे सरकताना दिसला? मागे. हीच वक्री गती. मंगळ वळून मागे आलेला नसतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. नंतर हीच घटना स्टेलॅरियममध्ये पाहा (प्र. ३).

१७. खेळता खेळता मुलांना खऱ्या संशोधनात भाग घेता येतो का?

येतो. जुलै २००७ मध्ये गॅलेक्सी झू हा इंटरनेटवरचा प्रकल्प सुरू झाला. लोकांनी दीर्घिकांची खरी छायाचित्रं पाहून सर्पिल की लंबगोल एवढं सांगायचं होतं. त्याच वर्षी हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेने एका दीर्घिकेशेजारी विचित्र डाग दिसल्याचं कळवलं. तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो, दीर्घिकेच्या केंद्राच्या जुन्या प्रकाशाने उजळलेला वायूचा ढग आहे तो. आता झूनिव्हर्स या संकेतस्थळावर असे बरेच प्रकल्प आहेत. इथे गुण किंवा पातळ्या नाहीत, त्यामुळे लहान मुलांना कंटाळा येऊ शकतो. नववीच्या पुढे द्या.

१८. गेममध्ये मिळालेल्या गुणांवरून परीक्षेचे गुण देऊ का?

देऊ नका. ज्याच्या घरी संगणक आहे तो जिंकेल, समजलेला जिंकेलच असं नाही. मी गुण देतो ते तीन ओळींना: काय अंदाज होता, काय झालं, फरक का पडला. अंदाज चुकला म्हणून गुण कापत नाही. कारण नीट लिहिलं असेल तर चुकलेल्या अंदाजाला पूर्ण गुण, आणि नुसत्या बरोबर अंदाजाला निम्मे. पहिल्यांदा यावर हुशार मुलंच भांडतात.

१९. व्हीआर हेडसेट घेऊ का?

घाई नको. बनवणाऱ्याने दिलेली वयोमर्यादा पाहा, काहींना चक्कर येते, आणि एका वेळी एकच मूल आत असतं, बाकीचे वाट पाहत बसतात. तेवढ्या पैशात एक साधी दुर्बीण येते.

२०. पडद्यावरचं आकाश इतकं सुंदर असतं की खरं पाहून मुलं हिरमुसतात. काय करू?

पडद्यावरचं आकाश आधी खराब करा. स्टेलॅरियममध्ये प्रकाश प्रदूषणाची पातळी वाढवता येते. ती तुमच्या जागेच्या आकाशाशी जुळेपर्यंत वाढवा, वातावरण आणि जमीन चालू ठेवा, तारकासमूहांच्या रेघा बंद करा. मग मुलांना विचारा की आज रात्री आठ वाजता कोणते पाच तारे दिसतील, कुठे आणि किती उंचीवर. हाताची मूठ सरळ लांब धरली की साधारण दहा अंश भरते, उंची त्याने मोजायची. कागदावर लिहून बाहेर जायचं, फोन खिशात ठेवायचा. त्याचा प्रकाश एकदा डोळ्यांत गेला की अंधाराला पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. फोन लागलाच तर रात्रीचा लाल पडदा वापरा.

पाचपैकी तीन तारे सांगितल्या जागी सापडले तरी मुलांचा नूर बदलतो. न सापडलेल्या दोघांवर दुसऱ्या दिवशी चर्चा होते: ढग होते, इमारत आड आली, की ठिकाण निवडतानाच चूक झाली होती? बहुतेक वेळा ठिकाणच चुकलेलं असतं. म्हणून स्टेलॅरियम उघडल्यावर सगळ्यात आधी ते तपासा.